गोकुळपुरीचे हरवलेले बेकार

१

गोकुळपुरीतले सगळे बेकार एकाच आठवड्यात नाहीसे झाले आणि त्याचा आळ आचल सरोदेवर आला.

आचल हे सांगायला अमरावतीत आली, तेव्हा अ‍ॅडव्होकेट रमा पांढरीपांडे आपल्या ऑफिसच्या पायरीवर उभ्या राहून गिला वडा खात होत्या. कामगार कोर्टात त्यांची उभी हयात गेली होती. त्यांचं हसणं समोरच्या चौकापर्यंत ऐकू जायचं, आणि जिल्ह्यातल्या निम्म्या मालकांना ते हसणं ऐकून धडकी भरायची.

"नाहीसे झाले म्हणजे? माणसं गेली कुठे?"

"माणसं तिथंच आहेत, ताई. बेकारी गेली."

रमाताईंनी तिला आत नेऊन पंख्याखाली बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

आचल चांदूर बाजारची. वडलांचं काळ्या जमिनीचं वावर, घरात पहिली एम.ए. झालेली हीच. अकोल्याच्या एका संशोधन संस्थेत ती सर्व्हेचं काम करायची. यंदा संस्थेनं बडनेऱ्याच्या आसपासच्या तीन वस्त्यांमधली बेकारी मोजायला घेतली. त्यातली गोकुळपुरी आचलच्या वाट्याला आली. दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हेत तिथं दर तिसरा माणूस बेकार होता. या खेपेला शोधूनही सापडेना.

"आमचे संचालक, डॉक्टर गौरांग देवपुजारी. त्यांनी माझे आकडे पाहिले आणि सर्वांसमोर म्हणाले, 'तुम्ही घरी बसून भरलंय हे.' सोमवारी चौकशी आहे. दोषी ठरली तर नोकरी तर जाईनच, वरून सगळ्या संस्थांना कळवणार आहेत. पुन्हा मला कोणी दारात उभं करणार नाही."

"आणि तू खरंच घरोघर गेली होतीस?"

"एक-एक दार वाजवलं, ताई! तीच तर गंमत आहे. मी भर दुपारी गेली होती. सगळे घरीच होते. कोणी झोपलेलं, कोणी कॅरम खेळत. आणि ज्याला विचारलं तो म्हणाला, 'मी कामावर आहो.'"

रमाताईंचा घास तोंडातच थांबला.

"अख्खी वस्ती घरी, आणि अख्खी वस्ती कामावर," त्या सावकाश म्हणाल्या. मग हात धुतले, स्कूटरची किल्ली उचलली. "चल, बस मागे. हे पाहिल्याशिवाय मला आता जेवण जाणार नाही."

२

गोकुळपुरी बडनेऱ्याच्या रेल्वे लाइन आणि हायवेच्या मध्ये वसली होती. दुपारचे दोन वाजले असावेत. लिंबाच्या झाडाखाली कॅरम रंगला होता. खेळणाऱ्या चौघांच्याही अंगात एकाच रंगाचे नारिंगी टी-शर्ट, पाठीवर 'झटपट भांडार' असं छापलेलं. मोबाइलवरून मागवलेलं सामान घरपोच पाठवणाऱ्या कंपनीचं मोठं गोदाम हायवेवर होतं, त्याचा तो टी-शर्ट.

"काय रे पोट्टेहो, सुट्टी आहे का आज?" रमाताईंनी विचारलं.

"नाई, वकीलबाई. ड्यूटीवर आहो आमी." शुभम नावाच्या मुलानं राणी खिशात घातली. आयटीआय झालेला, हातात कसब दिसत होतं.

"मग घरी काहून?"

"फोन नाई आला ना! फोन आला का जाच लागते. नाई आला का घरी बसा लागते."

"किती दिवस झाले फोन येऊन?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, "मले तं दिवाळीनंतर एकदाच आला." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"मग दुसरीकडे काम का नाही धरत?"

"कागदावर सही घेतली आहे न त्यायनं. दुसरीकडे काम केलं का नाव कट. सनासुदीले लय काम असते, तेवा कामी पडते मनून बसलो आहो." शुभमनं स्ट्रायकर उचलला. "काम आहे, बाई. फक्त भेटत नाई."

त्यावर सगळे खो खो हसले. शुभम हसता हसता थांबला आणि त्यानं उगाच बोर्डवरची पावडर पुसली.

आवाज ऐकून समोरच्या घरातून पार्बताबाई बाहेर आल्या. साठी उलटलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेला, तोंडाचा पट्टा मात्र मोकळा. आचलला पाहून त्या म्हणाल्या, "आली का पोरी पुन्हा मोजाले? लिही, मी बी कामावर आहो."

"तुम्ही पण गोदामात जाता, मावशी?" रमाताईंनी विचारलं.

"कधीच गेलो नोतो, बाप्पा. माहं कुठी नाव आहे तथी! थ्या हप्त्यात कोनाचा तं फोन आला. आमच्या मालकाच्या जुन्या फोनवर. तो मने, 'पुंजाजी आहेत का? त्यायच्यासाठी काम आहे, गाडी येऊन राहिली.' मी मनलं, अरे लेका, ते तं मांगच्या सालच्या होळीलेच गेले वरते. जिवंतपनी कधी टायमावर कामाले गेले नाई, आता कायले येतील?"

सगळ्यांना पुन्हा हसू फुटलं. पार्बताबाईही हसल्या, आणि मग पदरानं हळूच डोळा टिपला.

"घाबरला बिचारा. मंग मने, 'घरातलं कोनीबी चालते.' मी मनलं, त्यायच्या जागी मी येतो. गाडीतून नेलं, एक तास खोके उचलाले लावले, चहा पाजला, गाडीनं घरी आनून सोडलं. साजरं वाटलं मले."

"कसले खोके?"

"रिकामेच होते वाटते. इकडचे तिकडे ठेवा मनले."

"अन् मांगून आमची पाळी होती," शुभम म्हणाला. "आमी तेच खोके तिकडून इकडे आनले."

"तुमी आनले, अन् आमच्यानंतरच्यायनं पुन्हा तिकडे नेले," कॅरमवरचा दुसरा म्हणाला. "त्या हप्त्यात अख्खी गोकुळपुरी खोके खेळून राहिली होती."

रमाताई आचलला बाजूला घेऊन गेल्या. "तुझ्या सर्व्हेत रोजगार असलेला माणूस कोणाला म्हणतात?"

"मागच्या सात दिवसांत ज्यानं निदान एक तास काम केलं तो." बोलता बोलता आचलचा चेहरा बदलला. "एक तास!"

"म्हणजे तू खोटं लिहिलं नाहीस, आणि यांनीही खोटं सांगितलं नाही."

"म्हणजे मी सुटली!"

"इतक्यात नाही. हे ऐकून तुझे साहेब म्हणतील, योगायोग. नेमक्या मोजणीच्या आठवड्यात कोणीतरी अख्ख्या वस्तीला तासाभराचं काम वाटलं. तू कोणत्या आठवड्यात येणार, हे त्याला कोणी सांगितलं?"

आचलनं आठवून पाहिलं. ती तारीख तिनं स्वतःच्या आईलाही सांगितली नव्हती.

३

या वस्तीतली माणसं गोदामाला पुरवायचे खुशालराव ढोले. एकेकाळचे नगरसेवक. मांडव-खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या आपल्या बिछायत केंद्राच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. रमाताईंना पाहिल्यावर उठून त्यांनी नमस्कार केला, पण कपाळावरची आठी काही मोडली नाही.

"तुमी आल्या मंजे केस आहे," ते म्हणाले.

"केस नाही, चौकशी आहे. त्या आठवड्यात सगळ्या वस्तीला गोदामात तुम्ही नेलं?"

"मी? मले इचारलं बी नाई!" खुशालरावांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "फोन त्यायचे, गाडी त्यायची. मले तं दुसऱ्या दिवशी कयलं. मी लावलेली मानसं तं नेलीच, मी न लावलेली बी नेली. अन् त्यानं माहंच वाटोयं झालं."

"ते कसं?"

"नागपूरचा एक ट्रस्ट आहे. ज्या वस्तीत जास्त बेकारी, तथी ते ट्रेनिंग सेंटर उघडनार. बॅटरीच्या गाड्या, मशिनी दुरुस्त कराचं शिकवनार. शिकेपर्यंत पोट्ट्यायले दर महिन्याले पैसे, अन् शिकल्यावर पक्की नोकरी. दीड वर्ष नागपूरच्या चकरा मारल्या मी. तीन वस्त्या होत्या, आमची सगळ्यात वरते होती. ही मोजनी त्यायच्यासाठीच आहे, आता या पोरीचा आकडा तथी गेला का आमची जाते खाली. कोनशिलेवर नाव यीन वाटलं होतं माहं." त्यांनी एवढं मोकळेपणानं कबूल केलं की आचललाही हसू आलं.

"आणखी एक," रमाताई निघता निघता म्हणाल्या. "तुम्ही पुंजाजींना ओळखायचे?"

"कोन पुंजाजी?"

"पार्बताबाईंचे मालक."

"अरे, बाबूजी! बाबूजीले कोन नाई ओयखत? खांदा देल्ला मी त्यायले." खुशालरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "त्यायचं नाव पुंजाजी होतं? घ्या, आज कयलं."

स्कूटर सुरू करायची सोडून रमाताईंनी मागे वळून खुशालरावांकडे पाहिलं.

"काय झालं, ताई?"

"मेलेल्या माणसाला कामावर बोलावणारा कोण, ते नाही कळलं अजून," त्या म्हणाल्या. "पण कोण नाही, ते कळलं."

४

गोदामाचा मॅनेजर नितेश राऊत तिशीचा, हसतमुख, अकोल्याचा. उन्हाळ्यातच बदलून इकडे आला होता. त्यानं दोघींसाठी कोल्ड कॉफी मागवली आणि काचेतून गोदाम दाखवलं. एवढ्या मोठ्या जागेत मोजकीच माणसं हिंडत होती.

"त्या आठवड्यात एवढी माणसं कशाला लागली?" रमाताईंनी विचारलं.

"स्टॉकची फेरमांडणी, मॅडम."

"रिकाम्या खोक्यांची?"

नितेश हसला, पण जरा उशिरा. "सराव म्हणा ना. नवीन लोकांना सवय लागते."

"साठीच्या बाईलाही?"

"आम्ही वयाचा भेदभाव करत नाही."

रमाताई यावर मनापासून हसल्या. उत्तर त्यांना आवडलं होतं. "बरं, एरवी सगळ्यांना का नाही बोलावत?"

"काम नको का तेवढं? सणाला अख्खी वस्ती पुरत नाही, एरवी मूठभर माणसं बस होतात. ती बाकीची माणसं दुसरीकडे निघून गेली, तर सणाच्या आठवड्यात मी सामान कोणाच्या हातानं भरू? म्हणून सगळ्यांना धरून ठेवावं लागतं."

"पगार न देता धरून ठेवता."

"करारच तसा आहे, मॅडम. जबरदस्ती नाही." नितेशनं खुर्ची मागे रेलली. "आणि खरं सांगू का, गोकुळपुरीत आता कोणी बेकार नाही, हे आमच्यामुळे. तुम्ही काहीही म्हणा, सात दिवसांत एक तास काम झालं की माणूस रोजगारात. जगभर असंच मोजतात."

"वा," रमाताई म्हणाल्या. "हे कुठे वाचलं?"

"वाचलं असेल कुठंतरी." त्यानं घाईनं घड्याळ पाहिलं.

बाहेर उन्हात आल्यावर आचल फणफणत होती. "यानंच केलं, ताई! स्वतःच्या तोंडानं बोलला."

"हात याचेच. त्याला माणसं कामाला नको आहेत, वाट पाहायला हवी आहेत. पोरं शिकून पक्क्या नोकरीला गेली तर वाट कोण पाहणार? म्हणून सेंटर यायला नको, म्हणून बेकारी दिसायला नको." रमाताईंनी स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवली. "पण खोके मोजणाऱ्या माणसाला बेकारी मोजायचा नियम पाठ कसा? आणि तुझा आठवडा कसा माहीत? याला कोणीतरी शिकवलंय, आचल. आणि ते माणूस तुझ्या ऑफिसात बसतं."

५

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघी बडनेऱ्याहून अकोल्याला गेल्या.

डॉ. गौरांग देवपुजारींची खोली इतकी नीटनेटकी होती की खुर्ची ओढायला संकोच वाटावा. माणूस उंच, इस्त्रीचा सदरा, बोलणं तोलून-मापून. आचलला त्यांनी बसायलाही सांगितलं नाही. रमाताईंनी सांगितलं.

"हा आकडा अशक्य आहे," ते म्हणाले. "दोन वर्षांत एखाद्या वस्तीतली बेकारी अशी पुसली जात नाही. मी ट्रस्टला तो पाठवणार नाही. सगळी मोजणी रद्द करून दुसऱ्या लोकांकडून पुन्हा करून घेणार."

"तुम्ही गोकुळपुरीत कधी गेला आहात?"

"मी आकड्यांवर काम करतो. वस्तीत कशाला जाऊ?"

"जुना सर्व्हे झाला तेव्हा इथे होता?"

"नाही. मी मागच्या वर्षी रुजू झालो." त्यांनी आचलकडे पाहिलं. "चूक कबूल केली असती तर मी विचार केला असता. पण या ऐकतच नाहीत."

आचलचे डोळे भरून आले, पण तिनं मान खाली घातली नाही. "सर, जे केलंच नाही ते कबूल कसं करू?"

खोलीबाहेर सर्व्हेची पर्यवेक्षक सीमा गावंडे वाट पाहत उभी होती. चाळिशीची, गोल चेहऱ्याची, मायाळू. तिनं आचलला जवळ घेतलं आणि दोघींना कँटीनमध्ये नेऊन समोर चहा-चिवडा ठेवला.

"मॅडम, आचलनं काही खोटं केलं नाही. मी लिहून द्यायला तयार आहे. आकडा शंभर टक्के बरोबर आहे. मी सरांना रोज सांगते, नवीन मोजणी कशाला? हाच आकडा ट्रस्टला पाठवा आणि विषय संपवा. पोरीला उगाच त्रास."

"तुम्हाला गोकुळपुरी माहीत आहे?"

"माहीत म्हणजे? जुना सर्व्हे मीच केला. उन्हातान्हात घर अन् घर पालथं घातलं. बोलकी माणसं आहेत तिथली."

"इथे तुम्ही कायम आहात?"

सीमा हसली. "कुठलं कायम! सर्व्हे निघाला की संस्थेचा फोन येतो. संपला की घरी. मध्ये दोन-तीन महिने तर काहीच नसतं. मुलगी आता बारावीला आहे." मग तिनं चिवड्याची बशी पुढे सरकवली. "घ्या ना."

स्टेशनकडे जाताना आचल म्हणाली, "पाहिलं ताई? सगळ्या ऑफिसात सीमाताई एकटी माझ्या बाजूनं आहे. आणि सर? त्यांना मला घालवायचंच आहे."

 रमाताईंनी आचलच्या पाठीवर हात ठेवला.

"सोमवारी तुला वाईट वाटणार आहे," त्या म्हणाल्या. "तू सुटशील तरी वाईट वाटेल."

६

सोमवारी संस्थेच्या मीटिंग हॉलमध्ये गौरांग, संस्थेचे दोन विश्वस्त, सीमा आणि आचल बसले होते. रमाताईंनी पार्बताबाईंनाही सोबत आणलं होतं. पार्बताबाईंनी आल्या आल्या सगळ्यांची चौकशी केली, गौरांगना "किती वाळले बाप्पा तुमी" असं सुनावलं, आणि आपली खोक्यांची हकीकत इतक्या थाटात सांगितली की विश्वस्तांना रुमाल तोंडाला लावावा लागला.

गौरांग मात्र हसले नाहीत. ते पुढे झुकून ऐकत होते. "म्हणजे उत्तरं खरी होती," ते हळूच म्हणाले.

"उत्तरं खरी होती, काम नाटकी होतं," रमाताई म्हणाल्या. "गोदामानं ते का केलं, ते उघड आहे. ट्रेनिंग सेंटर आलं असतं तर फोनची वाट पाहणारी पोरं हातची गेली असती. प्रश्न एवढाच, की गोदामाला आठवडा, नियम आणि नावं कोणी दिली?"

"नावं?" एका विश्वस्तांनी विचारलं.

"फोन पुंजाजींना आला होता. ते वारून दीड वर्ष होत आलं. गोदामात त्यांचं नाव कधीच नव्हतं. वस्तीत त्यांना सगळे बाबूजी म्हणत. खांदा देणाऱ्या खुशालरावांनाही खरं नाव ठाऊक नव्हतं. मॅनेजर तर तिथे आलाच यंदाच्या उन्हाळ्यात. मावशी, तुमच्या मालकांनी आपलं नाव कोणाला सांगितलं होतं का?"

"एकदाच," पार्बताबाई म्हणाल्या. "दोन वर्सं झाले, मोजाले आल्या होत्या तेवा. लय ऐटीत सांगतलं. काम पायजे असंबी सांगतलं. मले तं हसूच आलं."

"म्हणजे फोन करणाऱ्याजवळ जुन्या सर्व्हेतली यादी होती, ज्यांनी तेव्हा काम हवं म्हटलं होतं त्यांची नावं आणि नंबर. मधल्या काळात कोण मेलं, हे त्याला माहीत नव्हतं. ती यादी या संस्थेबाहेर कोणाजवळच नाही." रमाताईंनी पाण्याचा घोट घेतला. "आचलला आकडा खोटा करायचा असता तर घरी बसून केला असता, गाड्या कशाला पाठवायच्या? माझा पहिला संशय डॉक्टर देवपुजारींवर होता. पण ज्याला हा आकडा हवा होता, त्यानं तो खोटा आहे म्हणून आरडाओरडा केला नसता. सगळी मोजणी पुन्हा करा, असं तर मुळीच म्हटलं नसतं."

एका विश्वस्तांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"ज्याला आकडा हवा होता तो म्हणेल, आकडा बरोबर आहे. नवीन मोजणी नको. हाच पाठवा." रमाताईंचा आवाज खाली आला. "सीमा, आचलची बाजू तू मनापासून घेतलीस, हे मला पटतं. ती निर्दोष आहे हे तुझ्याइतकं नक्की कोणाला माहीत होतं?"

आचलनं झटकन सीमाकडे पाहिलं. सीमानं नजर टाळली. 

"मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही," ती म्हणाली. "नितेश आमच्याच गल्लीतला. तो म्हणाला, 'ताई, हेड ऑफिसात पक्की नोकरी लावून देतो, फक्त ही वस्ती वर यायला नको.' मी विचार केला, लोकांना एका तासाची मजुरीच मिळेल, कोणाचं काय जातं? आचलवर येईल असं स्वप्नातही आलं नव्हतं." ती रमाताईंकडे वळली. "मॅडम, मलाही कोणी विचारलं असतं ना त्या आठवड्यात, तर मीही रोजगारातच निघाले असते. तीन महिने घरी बसल्यावरही."

आचल खुर्ची मागे ढकलून उठली. "ताई, तुम्ही मला मिठी मारत होत्या!"



"अन् माह्या वस्तीतल्या पोट्ट्यायचं काय?" पार्बताबाईंनी विचारलं. या वेळी त्या हसत नव्हत्या. "मले एक तास खेळवलं, ते जाऊ द्या. ते पोट्टे वर्सं-वर्सं फोनकडे पाहून राहिले आहेत. त्यायच्या दारापाशी आलेली गाडी तू परत लावली, बाई."

सीमा ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. पार्बताबाईंनी उठून पाण्याचा ग्लास तिच्यासमोर सरकवला आणि परत जागेवर येऊन बसल्या.

गौरांग उभे राहिले. सगळ्यांसमोर आळ घेतला होता, म्हणून सगळ्यांसमोरच त्यांनी आचलची माफी मागितली. ते शब्द त्यांना जड गेले, पण पुरे बोलले. मग रमाताईंकडे वळून म्हणाले, "एका तासाचा नियम मात्र चुकीचा नाही. दर वर्षी, दर देशात तोच लावला तरच तुलना करता येते. थर्मामीटर चांगला आहे. कोणीतरी मोजायच्या आधी रोग्याच्या तोंडात बर्फ ठेवला."

"मान्य," रमाताई म्हणाल्या. "पण बर्फ नसता तरी काय दिसलं असतं, सांगा. या खेपेला सगळ्यांना एक तास मिळाला. एरवी चार-दोन जणांना मिळतो, आणि तेवढे चार-दोन तुमच्या लेखी सुखी होतात. थर्मामीटरनं ताप कळतो, डॉक्टर. पोटात काही आहे का, ते नाही कळत. त्यासाठी आणखी विचारावं लागतं."

गौरांगनी यावर वाद घातला नाही. त्यांच्या दृष्टीनं ते फार होतं.

७

मोजणी पुन्हा झाली, आणि तिचं नेतृत्व आचलनं केलं. तिनं अट घातली होती, की घरोघर फिरणाऱ्या सगळ्यांना निदान वर्षाची नेमणूक द्यायची, सर्व्हे असो वा नसो. विश्वस्तांनी आढेवेढे घेतले. रमाताई नुसत्या हसल्या आणि विश्वस्त कबूल झाले.

जुना प्रश्न तसाच ठेवला. त्याच्या पुढे नवे जोडले. किती तास काम मिळालं? आणखी मिळालं तर कराल का? फोनची वाट पाहत घरी बसला होता का? गौरांग स्वतः गोकुळपुरीत आले. पहिल्या दिवशी त्यांनी बूट काढायचे की नाही यातच बराच वेळ घालवला. दुसऱ्या दिवशी ते शुभमकडून कॅरममध्ये हरले. तिसऱ्या दिवशी अकोल्याच्या गाडीची वेळ झाली तरी उठायला तयार नव्हते.

सीमाचं संस्थेतलं काम गेलं. नितेशनं कबूल केलेली पक्की नोकरी अर्थातच कधी आली नाही. त्याचीच बदली झाली. वस्तीत येऊन सीमानं शुभमला आणि बाकीच्यांना सगळं स्वतः सांगितलं. त्यांनी निमूट ऐकून घेतलं, चहा मात्र कोणी विचारला नाही. सध्या ती बडनेऱ्याच्या एका शाळेत शिकवते, महिन्याच्या महिन्याला पगार घेते. आचल तिच्याशी अजून बोलत नाही. तिच्या मुलीला मात्र सुटीच्या दिवशी गणित शिकवायला जाते.

दुसरीकडे काम धरायचं नाही, या करारातल्या अटीवर रमाताईंनी कामगार कोर्टात केस टाकली. ती अजून चालू आहे आणि रमाताईंची तब्येत त्यामुळे उत्तम आहे.

नवा आकडा आला त्या दिवशी गोकुळपुरीत खुशालरावांनी आपल्या बिछायत केंद्रातून फुकट मांडव घातला. जुन्या प्रश्नाचं उत्तर होतं, पूर्वीसारखाच दर तिसरा माणूस बेकार. नव्या प्रश्नांचं उत्तर होतं, निम्मी वस्ती कामाची वाट पाहत बसलेली. ट्रस्टनं दुसरा आकडा धरला. तीन वस्त्यांत गोकुळपुरी सगळ्यात वर आली आणि सेंटर मंजूर झालं. शुभमचं नाव पहिल्या तुकडीत लागलं.

रमाताई आणि गौरांग पोचले तेव्हा मांडवात डफडं वाजत होतं आणि कढईत जिलबी तळली जात होती. रस्त्यानं जाणाऱ्या एका सायकलवाल्यानं थांबून विचारलं, "काहाचा कार्यक्रम आहे?"

"बेकारी वाढली आमची!" शुभमनं ओरडून सांगितलं. सायकलवाला बुचकळ्यात पडला, पण जिलबी दिल्यावर त्यानं पुढे काही विचारलं नाही.

पार्बताबाई भरलेली ताटली घेऊन थेट गौरांगसमोर आल्या.

"घ्या, सायेब. आता कागदावर बी आमी खरे बेकार आहो. तुमच्या हातानं झालो, तोंड गोड करा लागते."

गौरांगनी इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि एकदम दोन उचलल्या.